कोण गेलं?

गेल्या रविवारी सकाळी पावणेआठला मी आमच्या लिफ्टमध्ये उभा होतो. उजव्या हातात बादली, बादलीत किलोभर ताजं शेण. डाव्या हातात पाण्याची बाटली, पण आत पाणी नव्हतं. बादलीला झाकण होतं, ते पोखरण रोडच्या एका स्पीडब्रेकरने ठेवून घेतलं. येऊरच्या पायथ्याशी एक गोठेवाला ओळखीचा आहे, तिथून स्कूटरवर पायांत बादली धरून आलो होतो. नववा मजला गाठला की सुटलो, असं मनात म्हणतोय तोच बंद होणाऱ्या दारात एक हात आला. दार उघडलं आणि सातशे दोनच्या काकू आत शिरल्या.

काकू उपवन तलावावरून फिरून येत होत्या. डोक्याला कानटोपी, वर शाल, पायात मोजे आणि मोज्यांवर अंगठ्याच्या चपला. तापमान होतं १९. ठाण्यात पारा विशीच्या खाली उतरला की माणसं काश्मिरात राहिल्यासारखी वागू लागतात. मी मात्र स्कूटरवर बादली सांभाळून घामाघूम, दाढी वाढलेली, पहाटे उठल्याने डोळे लाल.

काकूंनी बादलीत पाहिलं. मग बाटलीकडे, मग माझ्या तोंडाकडे. कानटोपी कानावरून थोडी वर सरकवली आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं,

"कधी?"

"आत्ताच. सहाच्या सुमारास."

"अरेरे. रात्रीपासून काही होत होतं का?"

"नाही. रात्री नीट झाकून ठेवलं होतं."

काकूंनी डोळे मिटले. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर.

"सुटले बिचारे. आणि तू एकटाच धावपळ करतोयस? मेव्हणा परदेशातून यायला थांबणार का?"

"तो कशाला येतोय? तिकडे सगळं गोठलंय." हे मी बागेबद्दल बोलत होतो.

"बघ, शेवटी कुणी कुणाचं नसतं," काकू म्हणाल्या. चौथा मजला. "पण गोमूत्र आजच कशाला आणलंस? ते सुतक फिटल्यावर घरात शिंपडायचं. आज त्याचं काम नाही. घरात कुणी मोठं माणूस नाही का सांगायला? बरं, कोण गेलं ते तरी सांग. सासूबाई ना?"

सासूबाई त्या क्षणी नवव्या मजल्यावर आल्याचा चहा पीत आदल्या दिवशीचं शब्दकोडं सोडवत होत्या.

"काकू, कुणी गेलेलं नाही. हे झाडांसाठी आहे."

सातवा मजला आला. काकू बाहेर पडल्या, पण एक पाय दारात ठेवून उभ्या राहिल्या. लिफ्ट टींटीं करायला लागली. बाहेर सातशे तीनचे जोशीबुवा लिफ्टची वाट बघत उभे होते, तेही ऐकू लागले.

"झाडांसाठी शेण?"

"शेवंतीला. जीवामृत करायचंय. वीस लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवायचं, लाकडी काठीने ढवळत राहायचं."

शेणाचं काकूंना काहीच वाटलं नव्हतं. मरणही त्यांनी फार मोठ्या मनाने स्वीकारलं होतं. पण बेसन त्यांना सोसलं नाही.

"बेसन? शेणात बेसन कालवतोस?"

"जिवाणूंना खायला लागतं."

"जंतू पाळतोस घरात? इमारतीत लहान मुलं आहेत!" आणि पाय काढता काढता म्हणाल्या, "माझी सासू असती ना, तर तिने त्या बादलीतच बसवलं असतं तुला."

नऊच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर पहिला 'ॐ शांती' आला. तो जोशीबुवांचा. त्यांना दारातून 'शेण', 'गोमूत्र' आणि 'सासू' एवढंच ऐकू आलं असावं, आणि मराठी माणसाला तेवढं पुरतं. त्यामागोमाग चौदा जणांनी हात जोडले. एकानेही विचारलं नाही, कोण? आमच्या सासूबाईही ग्रुपवर आहेत. चष्मा नाकावर घेत त्यांनीच स्वयंपाकघरात हाक मारली, "अगं, आपल्या बिल्डिंगमध्ये कोण गेलं गं?"

इथपर्यंत मीही हसलो. संध्याकाळी लिफ्टशेजारी सूचना लागली तेव्हा हसू गेलं. 'लिफ्टमधून शेण, माती व खत नेण्यास सक्त मनाई आहे.'

मला राग येतो तो याचा. पाचशे एकचं नूतनीकरण जुलैपासून चाललंय. त्यांच्या फरशा, सिमेंटच्या गोण्या आणि फोडलेल्या संडासाची तुकडे तुकडे झालेली भांडी याच लिफ्टमधून वरखाली गेली. आठशे चारचा लॅब्रेडोर पावसात भिजून येतो आणि लिफ्टमध्येच अंग झाडतो. सगळे "किती गोड" म्हणतात. पण दहा किलो मातीची पिशवी घेऊन आलो की मला जिना. नऊ मजले. गेल्या आठवड्यात कोकोपीटच्या दोन विटा पाठीवरच्या सॅकमध्ये लपवून आणल्या. पन्नाशीच्या माणसाने नारळाच्या काथ्याची तस्करी करावी?

टोरांटोचा मेव्हणा दर रविवारी फोनवर आपली बाग दाखवतो. बाग कसली, पांढरं अंगण. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोठवणारी रात्र आली की डेलियाची पानं काळी पडतात. मग गड्डे उपटायचे, लाकडाच्या भुशात घालून तळघरात ठेवायचे, कात्र्यांना तेल लावायचं आणि मे उजाडेपर्यंत बियांची कॅटलॉगं चाळत बसायचं. "थंडीत आम्हा बागवाल्यांना वेळ जाता जात नाही रे," असं तो कॉफी पीत पीत म्हणतो. आमच्याकडे उलटं. पावसाळ्यात मुळं कुजतात, एप्रिल-मेमध्ये पानं करपतात. धडपणे काही उगवतं ते या अडीच-तीन महिन्यांत. मेथी, मुळा, टोमॅटो, पिटुनिया, शेवंती, सगळ्यांना एकाच वेळी डिसेंबर हवा असतो, आणि मला त्यातले फक्त रविवार मिळतात.

बाकी संध्याकाळचा वेळ कसा जातो विचाराल, तर जुन्या टूथब्रशने. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. पांढरा, कापसाच्या बोळ्यासारखा, नेमका पानाच्या देठाच्या बेचक्यात. कडुलिंबाचं तेल फवारतो, पण कापसाखाली दडलेल्यांना त्याचं काहीच वाटत नाही. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून एकेक बेचका घासावा लागतो. घासला की बोटांवर गुलाबीसर चिकट पाणी येतं. काल दीड तास हेच केलं. बायको म्हणाली, स्वतःचे दात इतके घासले असतेस तर दोन रूट कॅनाल वाचली असती. खरं आहे, पण बोलायची काही गरज नव्हती.

आणि एवढं करून शेवंती फुलतच नाही. कळ्या हिरव्या, गोट्यांसारख्या, तीन आठवडे तशाच. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून तर शेणाचा खटाटोप. मग सोमवारी रात्री अकराला पाणी प्यायला उठलो तर बाल्कनी लखलखत होती. दिवाळीला सोसायटीने गच्चीवरून फोकस सोडलेत ते अजून उतरवलेले नाहीत. सेक्रेटरींचं म्हणणं, आता नाताळ आला, मग ३१ डिसेंबर, मग २६ जानेवारी, उगाच दोनदा इलेक्ट्रिशियन कशाला? एक फोकस थेट माझ्या कुंड्यांवर. शेवंतीचं गणित अंधाराचं असतं. रात्र मोठी झाली की तिला फुलायचं कळतं. डिसेंबरात ठाण्यात सहाला मावळतं आणि सातला उजाडतं, तेरा तासांची आयती रात्र. पण मध्येच उजेड पडला की ती समजते अजून उन्हाळाच आहे, आणि कळ्या तशाच धरून बसते. म्हणजे मी खाली शेण घालतोय आणि वरून सोसायटी तिला रात्रभर जागी ठेवतेय.

सेक्रेटरींना हे सांगायला गेलो. ते म्हणाले, "झाडाला झोप लागत नाही, अशी तक्रार मिनिट्समध्ये कशी लिहू?"

आता रोज सहाला मी शेवंतीवर काळी चादर टाकतो आणि सकाळी सातला काढतो. समोरच्या विंगमधून दोन बायका हे बघतात. त्यांच्यापर्यंत शेण आणि गोमूत्राची बातमी पोचलेली आहेच, त्यात ही काळी चादर. त्यांतली एक आता माझी सावलीही चुकवते.

सूचनेविरुद्ध मी अर्ज दिला, तेव्हा कमिटीने उदार होऊन पेनाने एक ओळ वाढवली: 'धार्मिक कार्य वगळता.' काकूंनीच बैठकीत मुद्दा मांडला म्हणे, शेणाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून बुधवारी बादलीवर तुळशीची डहाळी ठेवली, गेटवरच्या वहीत कारण लिहिलं 'वास्तुशांत', आणि लिफ्टने वर गेलो. कुणी अडवलं नाही. शुक्रवारी पुन्हा गेलो. आज सकाळी तिसऱ्यांदा वही पुढे ओढली तेव्हा वॉचमनमामांनी माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं, मागच्या दोन नोंदींवर बोट ठेवलं आणि काळजीने विचारलं,

"साहेब, तुमची वास्तू अजून शांत होईना का?"