वहिनीच्या तांदळावर पाऊस कसा पाडावा

वरच्या बाथरूममधून खालच्या घरात पाऊस पाडायचा असेल तर फार काही लागत नाही. गोडबोल्या कॉन्ट्रॅक्टर लागतो, तोंडावर आलेलं एखादं कार्य लागतं, आणि ‘तुम्हाला त्यातलं काय कळतंय’ असं कुणी म्हटलं की गप्प बसणारा घरमालक लागतो. आमच्या बेळगावजवळच्या वडगावातल्या घरात हे तिन्ही एकदम जमून आलं. खाली दादा-वहिनी, वर आम्ही. लेकीचं लग्न मे महिन्यात. गोव्यापासून कोल्हापूरपर्यंतचे पाहुणे येणार, त्यांच्यापुढे शहाबादी फरशीची न्हाणी कशी दाखवायची? म्हणून मार्चमध्ये ती उखडली आणि तिथे शॉवर आला, काचेचं पार्टिशन आलं, छताला गोल दिवे आले.

जुलैत वहिनी जिना चढून वर आली. “भाऊजी, तुमच्या आंघोळीचं पाणी माझ्या तांदळावर पडतंय.”

खाली जाऊन बघितलं. कोठीच्या खोलीत वर्षाच्या तांदळाचं पोतं, शेजारी सांडग्यांचा पत्र्याचा डबा. डब्याच्या झाकणावर टप्प. मग थोडं थांबून पुन्हा टप्प. छताला भाकरीएवढा डाग, त्याच्या कडेने चुन्याचे पोपडे. पोत्यात हात घातला तर वरचे तांदूळ गरम लागले आणि वास आला आंबलेला. ज्यांनी तांदूळ भरून ठेवलेत त्यांना तो वास सांगायला नको.

तर तेव्हापासून मी या विषयातला जाणकार आहे. फुकट सांगतो, लिहून घ्या.

सुरुवात टाइल्सपासून करावी. सगळा रविवार दुकानात घालवावा. आयव्हरी घ्यावी की ऑफ-व्हाइट, यावर बायको, लेक आणि होणारे व्याही यांचं एकमत होईपर्यंत चहा मागवत राहावं. माझं टाइल्स आणि नळांचं बिल 72 हजार झालं, आणि त्यातला प्रत्येक नळ मी स्वतः उघडून बंद करून बघितला. कोटेशनमध्ये सगळ्यात खाली एक ओळ होती : ‘वॉटरप्रूफिंग – इन्क्लूडेड.’ ती वाचून मला बरंच वाटलं. फुकट मिळतंय म्हटल्यावर विचारायचं काय? कुठलं केमिकल, किती कोट, भिंतीवर किती उंच, असले प्रश्न विचारून चांगल्या माणसाचं मन दुखवू नये.

टाइल बसली म्हणजे पाणी थांबलं, यावर श्रद्धा ठेवावी. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही हे खरंच आहे. पण दोन टाइल्समधला सांधा कुणाचा जावई लागून गेलाय? तो व्हाइट सिमेंटने भरलेला असतो आणि रोज पाणी पितो. टाइल असते दिसायला. पाणी अडवायचं असतं तिच्या खालच्या थराने, जो एकदा झाकला की आयुष्यात पुन्हा दिसत नाही.

आणि म्हणूनच तो थर देताना साइटवर जाऊ नये. पत्रिका वाटायला जावं. मी त्या दिवशी निपाणीत होतो. कॉन्ट्रॅक्टरने मोबाइलवर फोटो पाठवला, राखाडी चकचकीत जमीन. “दोन कोट मारलोय की काका!” मी अंगठा दाखवला. फोटोत किती जमीन दिसतेय हे मोजून बघू नये.

नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी खाली जायचं तोंड, फरशीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर ठेवायला सांगावं.

पाणी दाराकडे धावलं तर वायपर घ्यावा. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने स्वतःहून एक भेट दिला, हिरव्या रंगाचा.

आता मुख्य गोष्ट. गळती सुरू झाल्यावर काय करावं? तर कॉन्ट्रॅक्टरला फोन करावा आणि त्याच्या तोंडून आपल्याच घराबद्दल नवी माहिती घ्यावी. जुलैत त्याने सांगितलं, “काका, पावसाची ओल आहे. खानापूरकडं बघा की, सगळ्यांची घरं गळतात.” ऑगस्टमध्ये सांगितलं, स्लॅबला घाम येतो. स्लॅबला! मी पंचावन्न वर्षांचा झालो, ज्या स्लॅबखाली राहतो त्याला घाम येताना कधी बघितलं नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी एक पोरगा आला, सांध्यांत व्हाइट सिमेंट घासून गेला. दोन दिवस टप्प बंद, वहिनीने त्याला मोदकही दिले असते. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग सिलिकॉनची नळी आली. मग कुठलंसं दुधासारखं द्रावण आलं, ते फरशीवर ओतायचं म्हणे, ‘आत उतरतं आणि पॅक करतं.’ उतरलं खरं. वहिनीच्या डब्यावर पांढरं टप्प पडलं. मग तो म्हणाला, हा प्लंबरचा प्रॉब्लेम. प्लंबर म्हणाला, माझा पाइप बघा आणि सांगा, हा टाइल्सवाल्याचा. टाइल्सवाला म्हणाला, मला जशी जमीन दिली तशावर बसवलो. ट्रॅपच्या कडेपर्यंत प्लंबरची हद्द, कडेपासून टाइल्सवाल्याची, आणि बरोब्बर कडेवर कुणाचीच नाही. आता आपण बेळगावची माणसं. हद्दीचा वाद आपल्याला 1956 पासून ठाऊक आहे, 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे, आणि आपण धीर सोडलेला नाही. पण 1956 पासून कुणाचे तांदूळ भिजत नव्हते हो!

शिवाय हा माणूस दोन्ही भाषांत ‘उद्या’ म्हणतो. माझ्याशी “उद्या नक्की काका”, आणि पलीकडे कुणाशी तरी फोनवर “नाळी बर्तीन्री”. पूर्वी कर्नाटकातल्या गावांत लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचे. उद्या ये. भूत दारात येतं, वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथे उलटं झालंय. भूत मीच, आणि पाटी कॉन्ट्रॅक्टरच्या कपाळावर.

दसरा झाला. दिवाळी झाली. आभाळ ठणठणीत कोरडं, आणि डब्यावर टप्प. पावसाची ओल म्हणे!

मग मी जे जुलैतच करायला हवं होतं ते केलं. तीन दिवस बाथरूमला कुलूप लावलं आणि आंघोळीला खाली दादाकडे गेलो. टाकी भरलेली, पाइपात पाणी उभं, तरी टप्प बंद झालं. म्हणजे नळाचा पाइप नाही. तो फुटला असता तर आंघोळ करा नाहीतर करू नका, गळत राहिला असता. चौथ्या दिवशी ट्रॅपचं तोंड ओल्या फडक्याच्या बोळ्याने बंद केलं आणि नुसत्या फरशीवर तीन बादल्या ओतल्या. ट्रॅपच्या खालच्या पाइपात एक थेंब जात नव्हता. संध्याकाळी खालून वहिनीची हाक आली. याला ना इंजिनियर लागला ना मशीन. फडकं आणि बादली.

फरशीवर नाणं वाजवून बघितलं. निम्म्या टाइल्स रिकाम्या डब्यासारख्या बोलल्या.

फोडली. खालची वाळू काळी, ओली, घाण वासाची. वाळूखाली उघडी स्लॅब. राखाडी कोटिंग होतं, नाही कसं? दाराजवळ, दीड फुटाची पट्टी. फोटोत आली तेवढीच. ट्रॅपच्या भोवती सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबलेला. आणि जिन्याखालची अडगळ काढताना केमिकलच्या पावडरची पिशवी सापडली, न फोडलेली, दगड झालेली. ते केमिकल दोन भागांचं असतं, पातळ द्रव आणि पावडर, दोन्ही कालवून मारायचं. पावडर इथे जिन्याखाली, मग त्या पट्टीवर काय मारलं होतं? बादलीतला उरलेला द्रव कुठे गेला ते माहीत नाही. बादली मात्र वहिनीकडे आहे, ती तिने तुळशीला पाणी घालायला घेतली होती.

अरे बाबा, किती वाचले तुझे? थोडंसं केमिकल आणि दोन माणसांची चार दिवसांची हजेरी. त्यासाठी माझी 72 हजारांतली निम्मी फरशी गेली आणि एक पोतं तांदूळ गुरांना घातले. लग्नाला आला होतास की! पंगतीत बसून कुंदा दोनदा मागून घेतलास. खाताना वर बघितलं नाहीस?

खानापूरकडचे एक म्हातारे गवंडी आता काम करताहेत. मामा म्हणतो आम्ही त्यांना. त्यांनी आधी ट्रॅप उखडून खाली घेतला. मग ढाळ धरला, फुटाला दोन सूत, सगळीकडून ट्रॅपकडे. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवला नाही, मसाल्याची गोलाई देऊन वाटा केला, कारण चीर नेमकी त्याच कोपऱ्यात जाते म्हणाले. वाट्यावर आणि ट्रॅपच्या कडेला जाळी चिकटवली. पहिला कोट आडवा. तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे ब्रशने सुटलेली जागा सापडते. शॉवरच्या भिंतींवर सहा फूट, बाकीच्यांवर एक फूट. मी विचारलं, टाइल्स कधी? ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी मुकाट्याने बाहेर गेलो.

जुन्या न्हाणीला तीस वर्षांत ओल आली नव्हती. तिच्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा होता आणि त्यावर आठवडाभर पाणी तुंबवून ठेवलेलं, दादाला आठवतंय. पोरं त्यात कागदी होड्या सोडायची. तो कोबाही आम्ही पैसे देऊन फोडून घेतला.

आणि तुम्ही हसू नका. तुमच्या बाथरूमचं काम चालू असेल तर आत्ता उठा आणि जाऊन बघा. टाइल्स लागायच्या आधी पाणी कोंडून ठेवलं का, हे विचारलंत? ट्रॅपला बोळा, दारात मसाल्याचा बांध, दोन-तीन इंच पाणी, निदान दोन दिवस. पैसा लागत नाही याला. पाणी उतरलं तर कोट पुन्हा मारता येतो, टाइल्सवर टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. पण नाही, तुम्हाला मुहूर्त गाठायचा असतो, पाहुण्यांना काचेचं पार्टिशन दाखवायचं असतं. कॉन्ट्रॅक्टर ‘काका, कशाला टेन्शन’ म्हणाला की तुम्हाला विचारायची लाज वाटते. मला वाटली होती. शेवटचा हप्ता काम संपायच्या आधीच देऊन टाकला, लग्नघरातून माणूस नाराज जायला नको म्हणून. तो हप्ता हातात ठेवला असता तर पाणी कोंडल्याशिवाय टाइल लागली नसती. मूर्ख मी होतोच, पण त्याने फसवलं ते फसवलंच. त्याला ‘चालतंय की’ म्हणणं बंद करा.

आज कोंडलेल्या पाण्याचा दुसरा दिवस. मामांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारलीय, पाणी केसभर खाली आहे. तेवढं हवेत उडतं म्हणाले. खाली वहिनीने पत्र्याचा डबा मुद्दाम त्याच जागी ठेवलाय, रिकामा, आणि येता-जाता झाकणावर बोट फिरवून बघते. सकाळी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला होता. “काका, उद्या येऊन बघतो की.”

येऊ नकोस. बाथरूममध्ये पाणी आहे, बुधवारपर्यंत कुणी आत जायचं नाही.