डोक्यावर बसवलेला रेडिओ

गाडीत टू-वे रेडिओ, म्हणजे ज्यावर ऐकताही येतं आणि बोलताही येतं तो, बसवायला जागाच नसते, हे हॅमच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) लायसनच्या परीक्षेत कोणी विचारत नाही. ओहमचा नियम विचारतात, अँटेनाची लांबी विचारतात, १४५ मेगाहर्ट्झला क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबी) म्हणजे साधारण अर्धा मीटर हे आपण घडाघडा सांगतो, पास होतो, कॉलसाइन (रेडिओवरचं आपलं नाव) मिळतो, हौसेने रेडिओ घेतो, आणि मग तो डबा मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर प्रश्न पडतो की बाबा, आता हा ठेवायचा कुठे. पूर्वी डॅशबोर्डला १८० बाय ५० मिलिमीटरचं एक सरळसाधं आयताकृती भोक असायचं, टेप काढला की त्यात काहीही बसवता यायचं. आता तिथे भलामोठा स्क्रीन, बाकी सगळं गुळगुळीत आणि वळणदार, हाताएवढी सपाट जागा सापडेल तर शपथ. स्टिअरिंगखाली लावला तर गुडघा आपटतो. गिअरपाशी लावला तर तिसरा गिअर टाकताना चॅनल बदलतो. ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवला तर फ्रीक्वेन्सी बदलायला शेजारच्या सीटवर आडवं व्हावं लागतं, आणि ते चालेल की नाही हे शेजारी कोण बसलंय त्यावर आहे.

मग माणूस वैतागून मान मागे टाकतो आणि त्याला छत दिसतं.

दोन सन व्हायझर, मध्ये एक दिवा, बाकी मोकळं मैदान. तिथे रेडिओसाठी एक खोका टांगायचा, कन्सोल म्हणतात त्याला. लांब पल्ल्याच्या बऱ्याच ट्रकांत तर कंपनीच ड्रायव्हरच्या डोक्यावर रेडिओसाठी खाचा ठेवून देते, मग आपण का नको. आणि खरं सांगू का, विमानात पायलट वर हात करून टकाटक स्विच दाबतात ना, ते दृश्य डोक्यात असतंच. लोकांनी विचारलं की आपण गंभीर चेहऱ्याने सांगायचं "नजर रस्त्यावर राहते, हात सहज पोचतो, अर्गॉनॉमिक्स आहे ते", पण मनात तो पायलटच बसलेला असतो. बायकोने एकदाच विचारलं, "अरे पण ते डोक्यात पडणार नाही ना?" मी म्हणलं, छे. एवढ्या आत्मविश्वासाने मी लग्नाच्या वेळीसुद्धा काही बोललो नव्हतो.

सुरुवात मापांनी होते, आणि तिथेच कळतं की गाडीच्या छताला सरळ रेष म्हणून नाहीच. पुढून मागे बाक, डावीकडून उजवीकडे बाक, आणि मधल्या दिव्यापाशी कारण नसताना एक फुगवटा. गुण्या लावला तर तो एका कोपऱ्यावर टेकून हवेत राहतो. टेपने माप घ्यावं तर टेपच वाकते. शेवटी पुठ्ठा. पुठ्ठा छताला लावायचा, मग एक मोठा वॉशर घ्यायचा, त्याच्या भोकात पेन्सिलचं टोक अडकवायचं आणि वॉशर छताला टेकवून पुठ्ठ्यावरून सरकवत न्यायचा, म्हणजे छताचा बाक जसाच्या तसा पुठ्ठ्यावर उतरतो. वाचायला किती सोपं वाटतं बघा. प्रत्यक्षात तुम्ही सीटवर उलटे झोपलेले, पाय मागच्या काचेकडे, मान हँडब्रेकवर, एका हाताने पुठ्ठा धरलाय, दुसऱ्याने वॉशर, आणि पेन्सिलीचा भुगा थेट डोळ्यात. बाहेरून शेजारचे काका काचेवर टकटक करून विचारतात, "काय रे, बरं वाटत नाहीये का?" किती पुठ्ठे गेले ते विचारू नका. पण एक सांगतो, पुठ्ठा वाया गेला तरी चालतो, प्लाय वाया गेला की जीव जातो, त्यामुळे पुठ्ठ्यावर कंजुषी करू नये.

मग मटेरियल. इथे उंटावरचे शहाणे गोळा होतात. एक म्हणतो प्लाय घे, दुसरा म्हणतो फायबरग्लास कर, तिसरा म्हणतो ह्या जमान्यात हाताने काय करतोस, थ्रीडी प्रिंट मार. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मारली होती. सुंदर झाली होती, कोपरे काय, स्विचखालची अक्षरं काय, सगळे बघून आले. पण केली पीएलएमध्ये, आणि ते प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्ड ७० च्या घरात जाऊ शकतो आणि छताचा पत्रा तर दिवसभर थेट उन्हातच असतो. दुपारी जेवून तो परत आला तेव्हा कन्सोल मधोमध खाली आला होता आणि रेडिओचा डिस्प्ले ड्रायव्हरऐवजी गिअरकडे बघत होता. पीईटीजी ८० पर्यंत तग धरतं, एबीएस १०० पर्यंत, त्यामुळे करायचंच तर ते करा. मी प्लायच घेतला, सहा मिलिमीटरचा. करवत, कानस आणि पॉलिश पेपर एवढंच मला जमतं, आणि धारा गोल करता येतात. हे गोल करणं शोभेचं काम नाही हां. अपघातात डोकं सगळ्यात आधी जिथे जाऊ शकतं त्या ठिकाणी आपण एक खोका लटकवतोय, त्याला टोकदार कोपरा ठेवणं म्हणजे वेडेपणा. त्यामुळे सगळ्या कडा घासून गोल, वर फोम, वर रेक्झिन. माझ्या उंच मेव्हण्याने स्वतःच्या कपाळाने त्याची चाचणी घेतली, न सांगता. फोम कामाचा आहे असा रिपोर्ट आला, सोबत अजूनही काही शब्द आले.

आता खरा घोळ. लटकवायचं कशाला?

छत म्हणून आपल्याला जे दिसतं ते छत नसतंच, ते अस्तर. परीक्षेच्या पॅडवर स्पंज चिकटवून त्यावर कापड ताणावं तसला प्रकार, स्वतःचं वजन कसंबसं पेलतो, त्यात स्क्रू मारला तर बोटानेसुद्धा उपटून येतो. मग म्हणाल त्याच्या वरच्या पत्र्यात मारू. तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटरसुद्धा नसतो आणि त्याच्यापलीकडे आभाळ. स्क्रू थोडा लांब निघाला की गाडीच्या टपावर मधोमध एक फोड येतो, जो तुम्हाला सोडून सगळ्या बाल्कन्यांमधून दिसतो. आणि अस्तराच्या मागे काय काय राहतं हे मी एका बाजूने ते जरासं खाली ओढून बघितलं तेव्हा कळलं. दिव्याच्या वायरी, हँड्सफ्रीचा माइक, सनरूफ असेल तर त्याचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, काही गाड्यांत तर मागच्या काचेवर फवारा मारणारा पाण्याचा पाइपसुद्धा छतातून गेलेला असतो, म्हणजे चुकीच्या जागी ड्रिल मारलं की मागची काच धुताना पुढे आंघोळ. आणि दोन्ही कडांना, दरवाज्यांच्या वर, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग घडी घालून झोपलेल्या. त्या पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळात उघडतात, आणि वाटेत तुमचा कन्सोल असेल तर तो सोबत घेऊन येतात. गाडीत जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नसते हो, फक्त झाकलेली असते. कंपनीने तिथे काही लावलं नाही ह्याचं कारण त्यांना सुचलं नाही असं नसतं.

त्यामुळे कडांना हात लावायचा नाही. आधीपासून जिथे स्क्रू आहेत तिथेच टेकू घ्यायचा, म्हणजे व्हायझरचे मधले क्लिप आणि दिव्याचं ब्रॅकेट, कारण त्यांच्यामागे खरोखर लोखंड असतं. मी एक ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून ह्या सगळ्यांच्या स्क्रूमध्ये धरली आणि खोका त्या पट्टीला टांगला. एकही नवीन भोक नाही. गाडी विकताना पट्टी काढली की झालं, असं मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली की गाडी विकताना आधी तुला काढावं लागेल.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो कारण त्यात विनोदी काही नाही, फक्त घाम आहे. ५० वॉटचा रेडिओ बोलताना दहाएक अँपिअर ओढतो. बॅटरीपासून वरपर्यंत चार मीटर जायचं आणि चार मीटर परत यायचं, त्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर जवळजवळ एक व्होल्ट रस्त्यातच खर्च होतो, चार स्क्वेअर एमएमची टाकली तर त्याच्या एक तृतीयांश. जाड वायर घ्या, फ्यूज बॅटरीला चिकटून लावा, आणि नवीन गाडी असेल तर निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टर्मिनलला न लावता शेजारच्या बॉडी अर्थला (बॅटरीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तिथे) लावा, कारण टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला चुकवून करंट गेला की त्याचा हिशोब बिघडतो.

पण ही जाड वायर वर न्यायची कुठून? तर पुढच्या काचेच्या खांबातून. त्या खांबात कोण झोपलंय? तीच ती एअरबॅग. शिवाय दहा अँपिअर १३.८ व्होल्टला म्हणजे १३८ वॉट आत जातात, ५० अँटेनातून बाहेर पडतात, उरलेल्यांची उष्णता होते, आणि ती आपण आधीच तापलेल्या पत्र्याखाली बंद खोक्यात कोंडणार. तेव्हा रेडिओचं धड सीटखाली, आणि सुटं होणारं तोंड तेवढं वर, मध्ये एक बारीक केबल, एअरबॅगच्या मागून नेलेली. ही सोय रेडिओतच असते, डिटॅचेबल पॅनल म्हणतात.

म्हणजे बघा काय झालं. एवढा पुठ्ठा, एवढा प्लाय, फोम, रेक्झिन, ॲल्युमिनियम, आणि त्या अख्ख्या खोक्यात बसलं काय, तर दोन बोटं जाडीचं एक पॅनल आणि शेजारी एक स्पीकर. नाकापेक्षा मोती जड. उरलेल्या जागेत आता बायकोचा गॉगल, मुलीची क्लिपं, टोलच्या पावत्या आणि एक पेन असतो जो चालत नाही. घरात ह्याला कोणी रेडिओ कन्सोल म्हणत नाही, "वरच्या कप्प्यात बघ" म्हणतात.

स्पीकर मात्र फर्मास जमला. डोक्यावरून आवाज येतो, अक्षरशः आकाशवाणी, मागच्या सीटवर डुलकी घेत असलेली सासूबाई पहिल्यांदा ऐकल्यावर हात जोडून उठल्या. माइकची गुंडाळी वायर हे मात्र वेगळं दुखणं. खाली लोंबली की आरशात मागची गाडी दिसत नाही, वर अडकवली की ताणली जाते आणि हात सुटला की माइक सरळ नाकावर. हुक डावीकडे लावला, मागे लावला, शेवटी व्हायझरच्या मुळाशी लावला तेव्हा नाक वाचलं. मग हौसेने आत एलईडीची पट्टी लावली, रात्री बटणं दिसावीत म्हणून. पट्टी लावली की रेडिओ बहिरा. स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट इतका रेडिओ कचरा बाहेर टाकतं की लांबचं स्टेशन त्यात बुडून जातं. आता रात्री एकतर बटण दिसतं नाहीतर माणूस ऐकू येतो, काय हवं ते आधी ठरवायचं.

आणि टिकटिक. सगळं बसवून झाल्यावर साठच्या स्पीडला वरून एक बारीक टिक, टिक, टिक. गाडी थांबवली की गप्प. मग मी गाडी चालवतोय, बायको तळहाताने छत दाबून धरतेय, मुलगी मागून दिवा धरतेय, मेव्हणा अंतर ठेवून कान लावतोय. पट्टी आणि प्लायच्या मध्ये फेल्टची टेप घातली, टिकटिक थोडी पुढे सरकली. तिथे घातली, अजून पुढे.

तरी रविवारी सकाळी रिपीटरवर, म्हणजे आपला सिग्नल पकडून लांबवर पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर, पहिला कॉल दिला. मित्राने लगेच उत्तर दिलं, म्हणाला खणखणीत येतोयस, ५९ (आवाज स्पष्ट, सिग्नल जोरदार), रेडिओ बसवलास कुठे? हा प्रश्न यायचीच मी वाट बघत होतो. पुठ्ठ्यापासून सुरुवात केली, वॉशर झाला, पीएलए झालं, एअरबॅगपाशी आलो, आणि रिपीटर एकदम गप्प. कोणी सलग बोलत राहिलं तर रिपीटर तीनेक मिनिटांनी आपोआप तोडतो, बऱ्याच ठिकाणी तसंच टायमर लावलेलं असतं. बटण सोडलं, दम खाल्ला, परत विचारलं, कुठपर्यंत ऐकलंस?

"ऐकलं रे सगळं," तो म्हणाला, "पण ती मागे टिकटिक कसली येतेय?"