लिव्हर 'साफ' करणारा मेसेज न आमचे माळकरी बापू

गावच्या ग्रूपवर हा मेसेज या महिन्यात चौथ्यांदा पडला. वर जोडलेले हात, खाली "11 जणांना पाठवा", न मधात एका मोठ्या डॉक्टरचा सल्ला, डॉक्टर कोणता ते काही लिहिलेलं नाही. म्हणणं थोडक्यात असं की लिव्हर खराब होतं ते दारूनं न मटणानं, निर्व्यसनी शाकाहारी माणसानं भ्यायचं कारण नाही. साखर सोडून गूळ घ्या. तेल बंद करा. कावीळ झाली त हळद बंद न उसाचा रस सुरू. 21 दिवस गुळवेलीचा काढा घेतला की लिव्हर आतून धुऊन निघते. ऑलिव्ह तेल न लिंबू पेलं की पित्ताचे खडे पडतात. न काहीच नाही जमलं त काविळीची माळ हायेच.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी लॅबमध्ये रक्त काढतो, ट्यूब फिरवतो, रिपोर्ट छापतो, चौदा वर्षं झाली. पण या मेसेजपायी लोकं काय काय करून येतात ते रोज डोळ्यानं पाहतो म्हणून लिहून रायलो.

"दारू नाही, मटण नाही, मग लिव्हरला धोका नाही."

आमचे बापू, म्हणजे माझे मोठे चुलते. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर, दारू त सोडा, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही कधी. गेल्या हिवाळ्यात पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली, खडे वगैरे काही निघाले नाही पण खाली लिहून आलं, ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेली. आता आपल्याकडं लिव्हर म्हटलं की दारू हे इतकं पक्कं बसलेलं हाये की घरात दोन दिवस कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही, न काकूनं त तोंडावरच विचारलं, "चोरून पेत होते का जी तुम्ही?" बापू रडकुंडीला आले. मला म्हणे, "मले काहून झालं बापा, मी त जिंदगीत थेंब नाही पेलो."

मी त्यांचं उपाशीपोटी रक्त घेतलं. बरं असलेल्या माणसाची ट्यूब मशीनमध्ये फिरवून बाहेर काढली की खाली लाल थर बसलेला असतो न वर पातळ, करडईच्या तेलासारखं पिवळसर सीरम. बापूंची ट्यूब काढली त वर पाणी घातलेल्या दुधासारखं पांढुरकं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, साडेसहाशेच्या वर, जे दीडशेच्या आत पायजे. न एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढते ते, किती, त 38, म्हणजे कागदावर नॉर्मल. हे जरा ध्यानात ठेवा, कारण लोकं एसजीपीटी नॉर्मल पाहून खुश होऊन घरी जातात, पण चरबीनं भरलेलं लिव्हर असूनही तो आकडा नॉर्मल राहू शकते.

मग मी बापूंना म्हटलं, एक दिवस फक्त मोजा, चहा किती होतो. सकाळी उठल्यावर, मग गाय दोहून झाल्यावर, मग पानठेल्यावर, घरी कोणी आलं की त्याच्यासोबत, वावरात माणसं असली की त्यांच्यासोबत, आठ कप. न आपल्याकडचा चहा म्हणजे पाकच असतो, चमचा उभा राहीन असा. दोन चमचे धरले तरी 80 ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या आत म्हणते, जमलं त 25. वरून दोन्ही टाइम भाताचा डोंगर, एकादशीला साबुदाणा न राजगिऱ्याचे लाडू, न वावर तीन वर्षांपासून मक्त्यानं दिलेलं म्हणजे चालणं बंद, पानठेल्यावर जायला पण मोटरसायकल.

साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज न अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं अंग वापरते, पण फ्रुक्टोजचा बहुतेक भार लिव्हरवरच येतो. जिनिंगमध्ये एकदम गाड्या आल्या न प्रेस कमी पडली की कापसाची अंगणात गंजी लागते ना, तसंच लिव्हरचं, जास्तीचा माल तिथंच चरबी करून रचून ठेवते. वरून पोट सुटलं की इन्सुलिनचं काही चालत नाही न पोटाची चरबी सुटून रक्तातून लिव्हरकडंच जाते. यात दारूचा एक थेंब लागत नाही. म्हणून त याला इतके वर्षं नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर म्हणत होते, 2023 मध्ये जगभरच्या लिव्हरवाल्या डॉक्टरांनी नाव बदलून शुगर-वजन-बीपीशी जोडलेलं नवं नाव दिलं. आपल्या केंद्र सरकारनं त 2021 मध्येच शुगर, बीपी, कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याला घेतलं. न मी बारीक हाओ म्हणून वाचलो असं पण नाही, आपल्या लोकांमध्ये हातपाय काडीसारखे न पोट तेवढं पुढं असा माणूस लय भेटतो. कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर न बाईची 80 च्या वर गेली की तपासून घ्यावं.

मेसेजखाली एकानं लिहिलं होतं की मोहाची घरची असते, शुद्ध, तिनं काही होत नाही. भाऊ, मोहाची असो, देशी असो का इंग्लिश, आत अल्कोहोल तेच हाये न लिव्हर बाटलीवरचं लेबल वाचत नाही. दारूनं लिव्हर जाते हे शंभर टक्के खरं, फक्त 'दारूनंच' जाते हे खोटं.

"साखर बंद करून गूळ, मध घ्या."

गुळात बहुतांश साखरच असते, मधात फ्रुक्टोज न ग्लुकोजच असते. थोडं लोह-बिह असन गुळात, पण त्यासाठी आठ कप गुळाचा चहा पेणं म्हणजे बैल बदलला न वखर तोच.

"तेल पूर्ण बंद."

हे लोकांना लय पटते, कारण चरबी म्हटलं की डोळ्यासमोर तेलाचा पिपा येतो. पण 2005 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, माणसं नऊच होती पण मोजमाप बारीक होतं, त्यात फॅटी लिव्हरवाल्यांच्या लिव्हरमधली चरबी कुठून आली ते शोधलं. 59 टक्के अंगावर आधीच साठलेल्या चरबीतून, 26 टक्के लिव्हरनं स्वतः बनवलेली, जी मुख्यतः साखर-स्टार्चपासून बनते, न थेट जेवणातल्या तेल-तुपातून आलेली फक्त 15 टक्के. म्हणजे तर्री कमी करा, रोजचे आलुबोंडे-भजे सोडा, हे बरोबरच हाये, तेलानं वजन वाढते न वजनानं लिव्हर बिघडते. पण बिनतेलाची भाजी खाऊन वरून ताटभर भात न गोड चहा चालू असन त काय कमावलं. बापूंनी दोन महिने हेच केलं, भाजी उकडून खाल्ली न वजन अर्धा किलो वाढलं.

काम करते ते वजन. 80 किलोच्या माणसानं 4 किलो जरी कमी केले तरी लिव्हरची चरबी उतरायला लागते, न 6 ते 8 किलो उतरवले त आतली सूज पण कमी होते. पण सावकाश, कारण उपासमार करून धडाधड वजन पाडलं की उलट पित्ताचे खडे होतात. खायचं काय, त आपल्या आज्या जे खात होत्या तेच, ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, पिठलं. रेशनवर गहू-तांदूळ भेटायला लागला न ज्वारी ताटातून गेली, मी बी त्यातलाच, मला पण आता आठवड्यातून दोनदाच भाकर भेटते. भाकर खाल्ली म्हणून कोणी तीन तीन खाऊ नका पण.

सर्वात वाईट होते ते ज्याचं लिव्हर खरंच खराब झालं, सिरोसिस झाला, त्याचं. घरचे हा मेसेज वाचून त्याचं तेल, डाळ, अंडे, दूध सगळं बंद करतात न पातळ खिचडीवर ठेवतात. माणूस वाळून जाते. सिरोसिसच्या पेशंटला उलट प्रोटीन जास्त लागते, वजनाच्या दर किलोमागं 1.2 ते 1.5 ग्रॅम, न रात्रभर उपाशी राहू नये म्हणून झोपायच्या आधी काहीतरी खायला सांगतात. पोटात पाणी झालं असन त मीठ कमी करायचं असते, म्हणजे लोणचं, पापड बंद, वरण नाही!

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मीच टाकतो. पावसात भिजलेले, बुरशी धरलेले, कडू लागणारे शेंगदाणे न मका, बाया चांगले-वाईट एकत्र करून भाजून ठेच्यात टाकतात, वाया कशाला घालवा म्हणून. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकते, ते भाजल्यानं पुरतं जात नाही, न लिव्हरच्या कॅन्सरचं ते सिद्ध झालेलं कारण हाये. फेकून द्या, ढोरांना बी टाकू नका.

"काविळीत हळद बंद, पिवळं वाढते."

काविळीचा पिवळा रंग बिलिरुबिनचा. जुन्या लाल पेशी फुटल्या की ते तयार होते न लिव्हर ते बाहेर टाकते, लिव्हर सुजलं की ते रक्तात साचते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. हां, हळदीच्या अर्काच्या ज्या भारी कॅप्सूल भेटतात मिरीचा अर्क घातलेल्या, त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस बाहेर देशात नोंदल्या हायेत, त्या घेऊ नका.

"काविळीत उसाचा रस."

आपल्याकडं उन्हाळ्यात न पहिल्या पावसात जी काविळीची साथ येते ती बहुतेक हिपॅटायटिस ए नाहीत ई या व्हायरसची, दोन्ही दूषित पाण्यातून. आता रसवंतीवर उभं राहून पाहा, बर्फाची लादी कुठून आली, ती पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली, ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढलेले. म्हणजे ज्या रस्त्यानं कावीळ आली त्याच रस्त्यावर पेशंटला पुन्हा उभं करणं. घरी स्वच्छ काढलेला रस अर्धा ग्लास पेला त काही बिघडत नाही, भूक मेलेली असते, तेवढीच ताकद. पण ते औषध नव्हे. पाणी उकळून प्या, हे मेसेजमध्ये एका ओळीत पण नाही. न गरोदर बाईला कावीळ दिसली त रस-बिस काही नाही, त्याच दिवशी दवाखाना. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला त शंभरात 20-25 बाया दगावू शकतात.

"21 दिवस गुळवेलीचा काढा."

पहिलं म्हणजे साथीची कावीळ बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत आपोआपच उतरते, म्हणून 21 दिवस जे काही द्याल ते 'लागू' पडतेच. एसजीपीटी दीड हजारावरून दोनशेवर आलेला रिपोर्ट मी महिन्याला किती छापतो, श्रेय प्रत्येक वेळी वेगळ्या बाबाला जाते. दुसरं म्हणजे गुळवेल निर्धोक हाये असं नाही. कोरोनाच्या काळात लोकांनी ती भरभरून पेली न 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले 6 पेशंट नोंदवले, पुढं 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतले मिळून 43 झाले. आयुष मंत्रालय म्हणालं ही गुळवेल नसन, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असन. मानलं. पण मग धुऱ्यावरच्या निंबावरून वेल तोडून आणणाऱ्यानं ती कोणती हे कसं ओळखावं? न लिव्हर काही ड्रम नाही आतून धुवायला, साफसफाईचं काम ते स्वतःच करते.

हिपॅटायटिस बी न सी जातीची कावीळ असन त ती रक्तातून येते, वर्षानुवर्षं गुपचूप राहते, तिला काढा काही करत नाही. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात तिची तपासणी न औषध फुकट हाये, जिल्हा रुग्णालयात विचारा.

"ऑलिव्ह तेल-लिंबू, खडे पडतात."

पडतात ते खडे नाही, साबण असते. 2005 मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी जर्नलमध्ये अशाच एका बाईचे हिरवे 'खडे' तपासलेले छापून आले, त्यात पित्ताच्या खड्यातलं कोलेस्टेरॉल न बिलिरुबिन काहीच नव्हतं, पेलेल्या तेलाचाच पोटात साबण झालेला. सोनोग्राफी पुन्हा करा, खडे तिथंच दिसतील.

"काविळीची माळ."

बापूंना आता कावीळ नाही, तरी कोणीतरी सांगितलं म्हणून एका गावावरून ते दोन माळा घेऊन आले, एक स्वतःला न एक माझ्यासाठी, कारण मी 'लोकांच्या रक्तात हात घालतो'. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठ मारून ओवलेले असतात. काड्या वाळल्या की आकसतात, गाठीतला दोरा मोकळा होतो न माळ लांबते, ती बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. मी माझी माळ लॅबमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली न खाली भिंतीवर पेनानं रेघ मारली. आठ दिवसांनी बापू बिनसाखरेचा चहा प्यायला आले (वजन चार किलो उतरलं हाये त्यांचं, पायी आले होते), माळ रेघेच्या चांगली चार बोटं खाली. बापूंनी बराच वेळ पाहिलं, स्वतःच्या गळ्यातली काढून खिशात टाकली न म्हणाले, "म्हणजे खिया बरा झाला म्हणायचा."