कॉलेज वाचवायला निघालेली नऊ पोरं

आमच्या कॉलेजात समूहगीताच्या टीमला युवा महोत्सवाआधी पंधरा दिवस जिन्याखालची एक खोली मिळायची. पेटीचा भाता फाटका होता. दुरुस्तीला पैसे मागायला गेलो तर ऑफिसातल्या एका साहेबांनी विचारलं, "गाण्यावर कॉलेज चालतं का रे?" आम्ही दात काढले आणि भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. (कुठलं कॉलेज ते विचारू नका. साहेब रिटायर झालेत, पेटी अजून वाजते म्हणे.)

चालतं, साहेब. निदान एक तरी चाललंय.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात फिस्क नावाचं विद्यापीठ आहे. तिथलं यादवी युद्ध संपल्यावर, जानेवारी १८६६ मध्ये, नुकत्याच मोकळ्या झालेल्या गुलामांसाठी ही शाळा निघाली. जागा म्हणजे सैन्याच्या जुन्या इस्पितळाच्या बराकी. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे शिकायला यायचे. गुलामांच्या कोंडवाड्यातल्या गंजक्या बेड्या सापडल्या, त्या भंगारात विकून आलेल्या पैशांत अंकलिप्या आणि बायबलं घेतली. ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पण बेड्या विकून संस्था किती दिवस चालणार? पाच वर्षांत बराकी कुजल्या, कर्ज डोक्यावर बसलं. संस्थेचे खजिनदार होते जॉर्ज व्हाइट. गोरे, लोहाराच्या घरातले, युद्धात लढून आलेले. संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं, पण कान तयार होता, आणि हिशोब सांभाळून तेच पोरांचं गाणंही बसवायचे. त्यांनी ठरवलं, पोरांना घेऊन उत्तरेत कार्यक्रम करायचे आणि पैसा उभा करायचा. वरिष्ठांना हे पसंत नव्हतं. तरी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ मुलंमुली तिजोरीत होतं नव्हतं तेवढं प्रवासखर्चाला घेऊन निघाली. बहुतेकांचा जन्मच गुलामीतला.

त्यातली एला शेपर्ड पियानो वाजवायची. तिच्या बापानं पैसे मोजून तिला सोडवलं होतं, आईला मात्र सोडवता आलं नाही. सिनसिनाटीत ती ज्या गोऱ्या बाईंकडे संगीत शिकली, तिथं तिनं मागच्या दारानं, रात्रीच्या वेळी यायचं, कुणाला सांगायचं नाही, अशी अट होती. शिकवणाऱ्या बाईंचं कौतुक करायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दौऱ्याचे पहिले दिवस वाईट गेले. त्या काळी गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टवाळी करणारे खेळ करायचे आणि ते तुफान चालायचे. ही खरीखुरी काळी पोरं मंचावर येऊन गंभीरपणे गाऊ लागली तर लोक नाचाची आणि माकडचेष्टांची वाट बघत बसायचे. हॉटेलात खोली मिळायची नाही. थंडी आली तरी अंगावर धड कपडे नाहीत. त्याच सुमारास शिकागो जळालं, आणि या मंडळींनी ओहायो राज्यातल्या एका कार्यक्रमाची सगळी कमाई तिथल्या जळीतग्रस्तांना देऊन टाकली. रक्कम पन्नास डॉलरच्या आतली. आपल्याच डोक्यावरचं छप्पर जायला आलेलं असताना दुसऱ्याच्या घरासाठी झोळी झटकून रिकामी करणं मला तरी जमलं नसतं.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं तो भाग.

सुरुवातीला ही पोरं गोऱ्यांना रुचतील अशी गाणी गायची. युरोपीय रचना, लोकप्रिय बॅलड वगैरे. आईबापांची गाणी, म्हणजे कापसाच्या शेतात आणि चोरून भरणाऱ्या प्रार्थनांना गायलेली, कार्यक्रमात नव्हतीच. एला शेपर्डनं लिहून ठेवलंय की ती गाणी गुलामीच्या दिवसांची, विसरायच्या काळातली, आणि वडीलधाऱ्यांच्या उपासनेतली म्हणून पवित्रही. एकत्र जमल्यावर दारं-पडदे लावून, जमिनीवर बसून, हळू आवाजात गायची. लोकांपुढे म्हणायची तर कल्पनाही नव्हती.

नोव्हेंबर १८७१ मध्ये ओहायोतल्याच ओबर्लिन इथं धर्मोपदेशकांच्या एका मोठ्या परिषदेत त्यांनी त्यातलंच एक गाणं, 'स्टील अवे' (म्हणजे 'गुपचूप निघून जा'), म्हटलं. सभा गप्प झाली. तिथून कार्यक्रमाचा तोंडवळाच बदलला. नावही नवं मिळालं, 'ज्युबिली सिंगर्स'. आपल्याकडं ज्युबिली म्हटलं की थेटरात पंचवीस आठवडे आठवतात. इथं ती बायबलमधली, दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायची.

ही गोष्ट 'कलेनं संस्था वाचवली' अशी गोड करून सांगतात तेव्हा मला बोचतं ते इथं. जे दार लावून गायचं, ते तिकीट लावून गावं लागलं. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणी टाउन हॉलात गायला सांगितल्या तर मी गाईन का? कॉलेजवर कर्ज आहे म्हणून? पण ती गाणी अशी बाहेर पडली नसती आणि १८७२ मध्ये कागदावर उतरली नसती, तर किती उरली असती? दोन्ही खरं आहे आणि दोन्हींची बेरीज होत नाही.

गायचीही कशी, तर हळू. व्हाइट सरांचा सगळा भर त्यावर. वाघ मागून येतो तेव्हा पावलाचा आवाज होत नाही, पण त्या पावलात सगळी ताकद असते, तसं हळू गा, असं ते सांगायचे म्हणे. समूहगीतात जोरात गाणं सगळ्यांना जमतं. वीस जणांनी मिळून हळू गायचं म्हणजे कुणाचा तरी सूर उघडा पडतोच. आमच्याकडं तो बहुधा माझाच असायचा.

पुढं सगळं वेगानं घडलं. न्यूयॉर्कशेजारच्या ब्रुकलिनमधलं चर्च, १८७२ मध्ये व्हाइट हाउसात राष्ट्राध्यक्ष ग्रँट. त्याच वर्षी बॉस्टनच्या प्रचंड संगीत महोत्सवात वाद्यवृंदानं पट्टी इतकी चढी धरली की बाकीच्या गायकांचे आवाज फाटले. ही मंडळी चढ्या पट्टीचा रियाज करून आली होती. त्यांनी ती कडवी उचलली आणि लोकांनी टोप्या उडवल्या. १८७३ मध्ये इंग्लंडला व्हिक्टोरिया राणीपुढे गायली.

१८७३ या आकड्यापाशी मी अडखळतो. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, निग्रो गुलामांना सोडवल्याबद्दल. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा, ही आशा त्यात होती. आणि त्या सुटलेल्या गुलामांची पोरं तेव्हा शाळेच्या इमारतीसाठी समुद्रापार जाऊन गात होती, कारण मायदेशात सुटका मिळाली होती, शाळेला पैसा मिळाला नव्हता. फुल्यांच्या कानावर ती गाणी पडली असती तर अर्पणपत्रिकेत त्यांनी आणखी एखादी ओळ घातली असती, असं मला उगाच वाटतं.

इमारत झाली. १ जानेवारी १८७६ ला 'ज्युबिली हॉल'चं उद्घाटन झालं, आजही उभा आहे. सात वर्षांत सुमारे दीड लाख डॉलर जमले. खर्चाची बाजू कुणी सांगत नाही. पोरांचं स्वतःचं शिक्षण बाजूला पडलं. बेंजामिन होम्स तिशीच्या आत क्षयानं गेला. व्हाइट सरांची बायको स्कॉटलंडच्या दौऱ्यात विषमज्वरानं वारली. एला थकून मोडून गेली. १८७८ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला पोचेपर्यंत सगळे इतके पिचले होते की पथक तिथंच मोडलं. विद्यार्थ्यांनी संस्था पोसली आणि संस्थेनं त्यांना वेळेवर 'पुरे' म्हटलं नाही, असं माझं मत आहे. मग संस्था कितीही थोर असो.

त्यातल्या फ्रेडरिक लाउडिन या खर्जातल्या गड्यानं मात्र पुढं स्वतःचं पथक बांधलं आणि १८८४ ते १८९० जगभर फिरवलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान आणि आपला हिंदुस्थानही. ताजमहालात 'स्टील अवे' गायले. तो घुमट एक स्वर किती वेळ धरून ठेवतो ते तिथं उभं राहून हाक मारलेल्यांना ठाऊक असेल. शहाजहानच्या कबरीवर अमेरिकेतल्या गुलामांचं गाणं!

फिस्कचा गायकवृंद आजही आहे. २०२१ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि दर ६ ऑक्टोबरला तिथं 'ज्युबिली डे' पाळतात. पहिल्या नऊ जणांचा आवाज कुठंच नाही, यंत्रच नव्हतं. पण १९०९ मध्ये फिस्कच्याच चार पुरुषांनी केलेलं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर मिळतं. खरखर पुष्कळ आहे. पहिल्यांदा इयरफोन लावून ऐका, मग दुसऱ्यांदा फक्त खालच्या आवाजाकडे लक्ष देऊन.

मी ते काल रात्री आमच्या जुन्या समूहगीताच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. एरवी तिथं फक्त वाढदिवसाचे केक येतात. पाऊण तास कुणी काही बोललं नाही. मग आमचा तेव्हाचा खर्जवाला, आता साखर कारखान्यात आहे, त्याचा मेसेज आला: "पट्टी कुठली आहे रे? आपल्याला जमेल का?"