चांदी भरलेली दाढ उकरण्याआधी

फोंड्यापासून पेडण्यापर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘दाढेत भरलेली चांदी म्हणजे पाऱ्याचे विष. युरोपने बंदी घातली, आपले डॉक्टर मात्र गप्प. सगळी काढून पांढरी भरून घ्या, जन्माची काळजी मिटेल. पुढचे दात वाकडे किंवा पिवळे असतील तर व्हेनियर (दातावर चिकटवायचे चिनीमातीचे पातळ कवच) लावा, मग कीड लागत नाही. खर्च नको असेल तर लिंबू आणि खायचा सोडा घासा.’ दवाखान्यात लोक मोबाईल पुढे करून हे वाचून दाखवतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, ही काळी काढूनच टाका.’

आधी पाऱ्याचे बघू. पारा आहेच, वजनाने जवळजवळ निम्मा. बाकी चांदी, कथील, तांबे. आम्ही त्याला अमाल्गम म्हणतो. हे धातू एकत्र आले की पारा त्यांच्यात बांधला जाऊन कडक मिश्रण तयार होते. चावताना किंवा झोपेत दात खाताना त्यातून किंचित वाफ सुटते, हेही खरे. तिने अपाय होतो का, हे शोधायला दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात 534 मुलांवर पाच वर्षे, दुसरी लिस्बनमध्ये 507 मुलांवर सात वर्षे. काही मुलांना अमाल्गम भरले, काहींना पांढरे. दोन्हींचे निष्कर्ष 2006 साली एकाच वेळी प्रसिद्ध झाले. बुद्ध्यंक, स्मरणशक्ती, मूत्रपिंडाचे काम, कशातही दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

युरोपातली बंदी ही मेसेजमधली सर्वांत चलाख गोष्ट, कारण ती खोटी नाही. 1 जानेवारी 2025 पासून युरोपीय संघात, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडले तर, नवे अमाल्गम भरता येत नाही. पण कारण वाचायला हवे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि स्मशानातल्या धुरातून पारा बाहेर पडतो, पाण्यात जंतूंमुळे त्याचे मिथाइल पारा होते आणि ते मासळीत साठते. जपानमधल्या मिनामातात लोक दगावले ते कारखान्याने खाडीत सोडलेल्या याच मिथाइल पाऱ्याने. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला, भारत त्यात 2018 मध्ये सामील झाला, आणि नोव्हेंबर 2025 मधल्या बैठकीत 2034 पर्यंत अमाल्गम थांबवायचे ठरले. (मोठ्या शिकारी माशांत हे जास्त साठते. पाऱ्याची एवढी धास्ती असेल, तर दाढेआधी पानातल्या मोरीकडे, म्हणजे शार्ककडे, बघायला हरकत नाही.)

थोडक्यात, नवीन भरणे थांबवा असे युरोपचा कायदा म्हणतो. तोंडात आहे ते उकरा, असे तो कुठेही म्हणत नाही. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुले यांना नवे अमाल्गम शक्यतो भरू नये, हे योग्यच आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये या यादीत मज्जासंस्थेचे व मूत्रपिंडाचे रुग्णही घातले, आणि त्याच पत्रकात सांगितले की सुस्थितीतले अमाल्गम वैद्यकीय गरजेशिवाय काढू नका. मेसेज लिहिणाऱ्याने हे गाळले. आणि ‘डॉक्टर गप्प’ म्हणाल, तर बहुतेक दवाखान्यांत नवी चांदी भरणे केव्हाच कमी झाले आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

‘सगळी काढा’ या सल्ल्यावर मला सर्वांत जास्त राग येतो. पारा सर्वांत जास्त उडतो तो ड्रिल चालते तेव्हा. म्हणजे ज्या भीतीने काढायला बसलात, तीच वाफ त्या अर्ध्या तासात ओढून घेता. शिवाय जुने भरण काढताना कडेचा चांगला दातही थोडा जातोच. खड्डा रुंदावतो, भिंती पातळ होतात, नस जवळ येते. मग कॅप, मग रूट कॅनाल. कडेला फट पडली असेल, खाली पुन्हा कीड असेल, भिंत तडकली असेल, तर जरूर काढा. रंग काळा आहे, हे कारण नव्हे.

पांढरे जन्मभर टिकते? नाही. त्याला आम्ही काँपोझिट म्हणतो: राळेसारखे द्रव्य आणि काचेची बारीक पूड, निळ्या प्रकाशाने कडक होणारी. कडक होताना ते दोनतीन टक्के आकसते, म्हणून साधे काँपोझिट सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरावे लागते आणि दात पूर्ण कोरडा लागतो. अगदी मागच्या दाढेत, लाळ सुटत असताना, हिरडीच्या खालपर्यंत हे साधणे कठीण. घाई झाली की कडेला फट राहते. वर सांगितलेल्या लिस्बनच्या चाचणीत पाच वर्षांनंतर पांढऱ्या गटातल्या मुलांना पुन्हा उपचारांची गरज सुमारे दीडपट लागली. म्हणून काँपोझिट वाईट नाही. पुढच्या दाताला, लहान खड्ड्याला मी तेच भरतो. वयस्कांच्या मुळांवरच्या किडीला मात्र बऱ्याचदा ग्लास आयनोमर हे दुसरे भरण बरे. ते फ्लोराइड सोडते आणि दाताला स्वतःहून चिकटते, फक्त झिजते लवकर. त्याचे मेसेजमध्ये नावही नाही.

व्हेनियरला कीड लागत नाही, हे खरे. चिनीमातीला कसली कीड लागणार? लागते ती तिच्या कडेला, खालच्या दाताला. ते बसवायला सहसा 0.3 ते 0.7 मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कडक आवरण, खरवडतात आणि इनॅमल परत येत नाही. किनारपट्टीवर पर्यटकांसाठी लागलेल्या ‘स्माईल मेकओव्हर’च्या पाट्या आता आपल्या पोरांनाही खुणावतात. बाविशीत व्हेनियर लावले की पुढच्या आयुष्यात ते अनेकदा बदलावे लागणार, हे पाटीवर नसते. वाकड्या दातांना तारा लावायच्या असतात.

लिंबाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. इनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली (पीएच जितका कमी, तितके आम्ल जास्त) विरघळू लागते, लिंबाचा रस दोनअडीचच्या आसपास. त्यावर ब्रश घासला की इनॅमल जाते आणि खालचा पिवळा थर जास्तच दिसतो.

लग्नाआधी दात उजळ करायचेच असतील, तर नोंदणीकृत दंतवैद्याकडे पेरॉक्साइडचे ब्लीचिंग करून घ्या. कळा येऊ शकतात, पण सहसा थोड्या दिवसांत थांबतात. पुढच्या दातांत जुने काँपोझिट किंवा कॅप असेल तर आधीच सांगा. त्यांचा रंग ब्लीचने बदलत नाही. आधी ब्लीचिंग, मग दोनेक आठवडे थांबून नव्या रंगाशी जुळणारे भरण, हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.