आजोबांचा वस्तरा

दिवाळीच्या आधी माळा साफ करायला चढलो होतो. तेवढंच करून खाली उतरलो असतो तर आज डाव्या गालावर हा व्रण नसता. पण ट्रंकेतला एकेक डबा उघडून बघायची खोड, त्यात एका पत्र्याच्या डब्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आजोबांचा वस्तरा निघाला. वर खोबरेल तेलाचा चिकट थर, मूठ पिवळी पडलेली, आणि पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात सोलिंगन. मी लगेच मोबाईल काढून शोधलं. जर्मनीतलं गाव, पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-वस्तरे करणारं, आणि तिथे बनलेल्या मालावरच हे नाव टाकता येईल असा १९३८ सालापासून चक्क कायदा आहे. म्हणजे आपल्या देवगड हापूससारखंच प्रकरण, फक्त पेटीत खाली दुसरा आंबा लावायची सोय नाही.

झालं, डोक्यात किडा शिरला. आता दाढी करीन तर ह्यानेच.

आई खालून शिडी धरून उभी होती. म्हणाली, "ठेव ते तिथंच. तुझ्या आजोबांच्या हनुवटीला रोज कापसाचा बोळा असायचा." हा महत्त्वाचा ऐतिहासिक पुरावा मी तेव्हा कानाआड केला.

रविवारी सकाळी गरम पाण्याचा टॉवेल तोंडावर ठेवून पाच मिनिटं बसलो (केस पाणी पिऊन मऊ होतात, हे खरंय), ब्रशने भरपूर फेस केला, तीन व्हिडिओ पाहून झालेच होते. पातं कातडीशी साधारण तीस अंशात धरायचं, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, आणि दाबायचं नाही. तीस अंश म्हणजे किती हे कंपासपेटीतल्या कोनमापकावर कळतं, गालावर नाही कळत. आणि एक गोष्ट व्हिडिओत कुणीच सांगत नाही, ती म्हणजे उजव्या हाताने डावा गाल करायला गेलं की स्वतःचाच हात आरशाच्या आड येतो आणि मग तुम्ही कानाजवळ नुसत्या अंदाजाने एक उघडं पातं फिरवत असता. मला तेव्हा पहिल्यांदा आपल्याला दोन कान आहेत ही गोष्ट इतकी जवळून जाणवली.

पहिला हात मारला. खर्रर्र. पापलेटचे खवले काढताना येतो तसला आवाज. वस्तरा केस कापत नव्हता, उपटत होता. डोळ्यात पाणी आलं. मग माणूस जे करतो तेच मी केलं, थोडं दाबलं. धार नसली की केस सुटतो आणि कातडी सापडते, हे शरीरशास्त्र मला हनुवटीवर समजलं. तुरटी फिरवली तेव्हा जो आवाज काढला तो ऐकून शेजारच्यांनी बेल वाजवली. उरलेली दाढी गुपचूप रोजच्या रेझरने उरकली.

त्या रात्री वाचत बसलो तर कळलं की जिलेट साहेबांचा तो सुटी पाती बदलायचा रेझर १९०३ साली बाजारात आला तेव्हा वर्षभरात खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. लोक हसतात ह्या आकड्यावर. मी नाही हसलो. त्या ५१ लोकांच्या हनुवट्या मला स्वच्छ दिसत होत्या.

पण हार मानली नाही, कारण चूक माझी नव्हती, धारेची होती. सायकलवर चाक लावून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे एक काका आमच्या गल्लीत येतात, त्यांना दाखवला. त्यांनी वस्तरा उघडला, उन्हात धरला, मिटला आणि परत दिला. "साहेब, आपल्या चाकावर ह्याची विळी होईल." इतका प्रामाणिक माणूस मी हल्ली पाहिलेला नाही.

मग ऑनलाइन दगड मागवले. एक हजार नंबरचा, चार हजारचा आणि आठ हजारचा. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक, आणि किंमत जाड. त्या पैशात कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये माझी दीडेक वर्षाची दाढी झाली असती, हा हिशोब बायकोने कॅल्क्युलेटर न वापरता केला. आई नुसतं म्हणाली, "रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी."

ह्यात एक गंमत आहे मात्र, खरंच सांगतो. सुरीला धार लावताना कोन आपण हाताने धरतो, वस्तऱ्याला तशी गरजच नाही. त्याची पाठ मुद्दाम जाड केलेली असते, पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर आडवी टेकवली की कोन आपोआप बसतो. मग धार पुढे ठेवून सरकवायचा, टोकाला पोचलात की पाठीवर उलटायचा आणि परत. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्याला साष्टांग नमस्कार. एवढं सोपं करून ठेवलेलं असूनही मी चार संध्याकाळी ओट्यावर बसून करड्या चिखलात सरकवासरकवी केली, बायको पोळपाट हातात धरून मागे उभी, "झालं का?" "आत्ताशी हजारचा झालाय." ह्यावर तिने जे केलं त्याला इंग्रजीत ऑर्डरिंग इन म्हणतात.

धार लागली का ते बघायला मनगटावरचे केस उडवून बघायचे. हजारच्या दगडावर डावं मनगट साफ झालं, चार हजारला कोपरापर्यंत आलो, आठ हजारला पायावर घसरलो. पण खरी परीक्षा लटकत्या केसाची. एक केस चिमटीत धरायचा, तो नुसता धारेवर टेकवायचा, तुटून पडला तर पास. त्याला लांब केस लागतो. माझे इंचभर. म्हणून रात्री अकराला मी बायकोच्या कंगव्यातून केस वेचत होतो, समोर पाण्याचा वाडगा, बाजूला उघडा वस्तरा, आणि आई पाणी प्यायला उठली. बराच वेळ दारात उभी राहून बघितलं. मग हळूच विचारलं, "लिंबू नाही ना आणलंस?"

केस तुटला नाही. नुसता वाकला. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

दगडानंतर चामडं लागतं, त्याशिवाय वस्तरा तयार होत नाही. चामड्याचा पट्टा मागवायला तोंड उरलं नव्हतं म्हणून स्वतःचा कमरेचा बेल्ट दाराच्या कडीला अडकवला. आता इथे मेख अशी की दगडावर धार पुढे असते, चामड्यावर पाठ पुढे आणि धार मागून फरफटत यायची. नेमकं उलटं. चार दिवसांची हाताला लागलेली सवय एका मिनिटात कशी जाणार? धार पुढे घेऊन मी झोकात हात मारला आणि बेल्ट बोटभर कापला गेला. म्हणजे धार लागली होती! हा आनंद मी एकट्यानेच साजरा केला. कापलेल्या जागेतून पुठ्ठा दिसत होता. बेल्टवर ठसठशीत जेन्युइन लेदर लिहिलेलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो. तिथले अण्णा सत्तरीचे, हल्ली तेही सगळ्यांसारखं नवं ब्लेड मोडून अर्धं लावतात, दर गिऱ्हाईकाला वेगळं. मी वस्तरा पुढे केला तर चेहराच बदलला. अंगठा धारेवर आडवा फिरवला. "कुणी लावली?"

"मीच."

"दिसतंय. दाबताय कशाला दगडावर? खोबरं किसायचंय का?"

खालच्या खणातून त्यांनी काळाभोर झालेला चामड्याचा पट्टा काढला, खुर्चीच्या हाताला अडकवला आणि सुरू झाले. फट फट, फट फट. मनगट हलतच नव्हतं, वस्तरा नुसता दोन बोटांत गोल फिरायचा, पाठीवर उलटायचा, पट्ट्यावरून एकदाही उचलला नाही, आणि ह्या सगळ्यात त्यांचं लक्ष टीव्हीवरच्या मॅचकडे. पन्नासेक वेळा झालं असेल. मग मला खुर्चीत बसवून उजवा गाल केला. आवाज कसला तर कागदावरून बोट फिरवावं तसा. ना ओढ, ना आग. मी डोळे मिटून घेतले, आजोबा आठवले बिठवले.

"घ्या," अण्णांनी वस्तरा माझ्या हातात दिला. "डावा तुम्ही करा. शिकायचंय ना?"

दुकानात बाकावर तिघं बसले होते. तिघांनी पेपर खाली ठेवले.

दहा मिनिटांनी तुरटी, मग परत तुरटी, मग कापूस. पाकीट काढत मी विचारलं, "अण्णा, अर्ध्याच दाढीचे किती झाले?"

"दाढीचे अर्धेच द्या," ते टॉवेल झटकत म्हणाले. "कापसाचे पूर्ण."