सळई सुटली तो दिवस

परदेशात 'विकासाचं काम' करून आलं की सगळे एकच विचारतात, तिकडच्या लोकांना काय शिकवलंस? मी दोन वर्षं पाण्याच्या प्रकल्पावर होतो. शिकवलं म्हणावं असं फारसं काही नाही. हापसा उघडायला मात्र शिकलो.

जाताना पदवी होती, भूजलाचे नकाशे होते आणि बोलायला भरपूर होतं. जगभर गेलेला 'इंडिया मार्क टू' हापसा १९७० च्या दशकात भारतात घडला, त्याचे पूर्वज म्हणजे जालना-सोलापूरकडचे पंप, हे मी पहिल्याच बैठकीत ऐटीत सांगून टाकलं. दुभाष्याने ते पोहोचवलं. हापशाची देखभाल बघणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं. मग आमचाही उघडा."

त्यांचा होता 'आफ्रिडेव'. मार्क टूचं खालचं सील बदलायचं तर अख्खे लोखंडी पाईप उपसायला लागतात, म्हणजे बाहेरून माणसं आणि गाडी यायची वाट बघा. म्हणून १९८१ ते १९९० या संयुक्त राष्ट्रांच्या पाणी-दशकात गावालाच दुरुस्त करता येईल अशा हापशांवर भर दिला गेला. आफ्रिडेव त्यातलाच. पाना एकच लागतो, पाईप जागेवरच राहतो, आतून फक्त सळया आणि दट्ट्या वर येतात. हे सगळं मला पाठ होतं.

पाठ नव्हतं ते हे की वरची सळई खालच्या सळईच्या आकड्यातून सोडवण्याआधी खालची आधारावर टेकवावी लागते. प्रत्येकी तीन मीटरच्या आठ सळया होत्या. दोन काढल्या, तिसरी टेकवायच्या आधीच आकडा सोडवला, आणि उरलेल्या सहा माझ्या डोळ्यांदेखत सर्रकन खाली गेल्या. तो आवाज अजून कानात आहे. मागे पाण्याच्या कॅनची रांग. कुणी ओरडलं नाही, हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

बाईंनी गळासारखं एक अवजार आणलं आणि पाईपमध्ये सोडलं. कान पाईपाला लावून, मनगट हलकेच फिरवत त्या चाचपत राहिल्या. डोळे मिटलेले. बऱ्याच वेळाने नुसत्या 'हं' म्हणाल्या. लागली होती सळई. सील बदलून पाणी यायला संध्याकाळ झाली.

आमच्या क्षेत्रात नम्रतेबद्दल फार बोललं जातं. मुलांच्या घोळक्यातला फोटो टाकायचा आणि खाली 'या लोकांनी मला नम्र केलं' असं लिहायचं. मीही लिहिलंय, खोटं कशाला बोलू. पण आपल्या चुकीने इतरांचं पाणी तुटलं नसेल, तर ती नम्रता फुकटातली. माझी फुकटातली नव्हती, आणि तिची किंमत दुसऱ्यांनीच मोजली, हे जास्त टोचतं.

मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्राला जोडलेले पंप आठवतात? मुलं खेळतील आणि टाकी भरेल, अशी गोड कल्पना. २००६ च्या सुमाराला त्याला मोठा निधी मिळाला. मुलं कंटाळली की बायकांनाच वाकून ते चक्र ढकलावं लागायचं. कल्पना काढणारे मूर्ख नव्हते. रोज पाणी भरणाऱ्या बाईला कुणी आधी विचारलं नाही, एवढंच. माझ्या अहवालातही 'बसवलेले हापसे' असा रकाना होता. पाना कुणाकडे आहे, सुटे भाग कुठे मिळतात, यासाठी रकाना नव्हता. मी तो घालून पाठवला, तर वरून विचारणा आली की नमुना का बदलला.

मनातल्या मनात मी त्या बाईंना मावशी म्हणायचो, तोंडावर कधी हिंमत झाली नाही. पुढच्या दुरुस्तीला त्यांनी मला बोलावलं, पण फक्त काढलेल्या सळया पुसून ओळीने मांडून ठेवायला. पान्याला हात लावू दिला चार महिन्यांनी. तेव्हाही त्यांचा एक हात सळईवर होताच.